मोअर चालत नाही तिथे सुमॅक

अमेरिकेत घर घेताना स्वयंपाकघर, शाळा, ऑफिसचं अंतर सगळं तपासून होतं. मागच्या अंगणाचा उतार मात्र पहिल्या उन्हाळ्यात कळतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इलिनॉय, कुठलीही नवी वसाहत घ्या. बिल्डरने जमीन सारखी करताना वरची चांगली माती खरवडून नेलेली असते आणि खाली उरते ती बुलडोझरने दाबून टणक झालेली चिकण माती. तिच्यावर तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरून घर विकलं जातं. दोन उन्हाळ्यांत दक्षिणेकडचा उतार पिवळा पडतो, मोअर तिरका होऊन घसरायला लागतो आणि वळवासारखा पाऊस आला की माती वाहून शेजाऱ्याच्या कुंपणाशी साचते. मग दरवर्षी नवं बी, नवं खत, नवा लॉनवाला.

या उताराचा नाद सोडा आणि तिथे देशी सुमॅक लावा, असा माझा सल्ला आहे. इथे देशी म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मातीतलं. ऱ्हस या प्रजातीतली ही झुडपं इथल्या माळांवर, रानाच्या कडेला, हायवेच्या भरावांवर कुणी न लावता वाढतात. ऑक्टोबरात हायवेच्या कडेचे लालभडक पट्टे तुम्ही पाहिले असतीलच. त्यांतले बरेचसे सुमॅकचे असतात. निकस माती त्यांना चालते, दुष्काळ सोसतो आणि मुळांचं जाळं माती धरून ठेवतं. एकच गोष्ट त्यांना अजिबात खपत नाही, ती म्हणजे मुळाशी तुंबलेलं पाणी.

नावाची धास्ती

सुमॅक म्हटलं की शेजारी हमखास विचारतो, ‘ते विषारी असतं ना?’ हा गोंधळ जुना आहे. पॉयझन सुमॅक नावाची वनस्पती खरोखरच आहे आणि पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञही तिला ऱ्हसमध्येच धरत. आता ती पॉयझन आयव्हीच्या शेजारी, टॉक्सिकोडेंड्रॉन या वेगळ्या प्रजातीत आहे. या दोघींच्या चिकात उरुशिऑल नावाचं द्रव्य असतं आणि ते कातडीला लागलं की फोड येतात. आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे बिब्बा उततो तो याच जातीच्या द्रव्यामुळे. आंबा, काजू, चारोळी, बिब्बा, पॉयझन आयव्ही आणि सुमॅक ही सगळी एकाच कुळातली भावंडं. कैरीचा चीक लागून ज्यांचं तोंड सुजतं, त्यांनी पॉयझन आयव्हीपासून जरा जास्तच जपून राहावं.

अंगणात लावायच्या सुमॅकला मात्र हा दोष नाही. ओळख पटवायला फार विद्वत्ताही लागत नाही. फळं बघा. लावायच्या सुमॅकची फळं लाल आणि लवदार असतात. मोठ्या जातींत ती फांदीच्या टोकाला घट्ट, बहुधा ताठ घोसात येतात. पॉयझन सुमॅकची फळं पांढुरकी, गुळगुळीत आणि सैल घोसात खाली लोंबणारी. फळांचा मोसम नसेल तर जागा बघा. पॉयझन सुमॅक दलदलीत, पाणथळ जमिनीत वाढतं. तुमच्या कोरड्या उतारावर ते आपणहून येण्याची शक्यता फार कमी. त्याच्या पानाला ७ ते १३ पर्णिका असतात आणि त्यांच्या कडा सपाट असतात. लावायच्या जातींपैकी स्टॅगहॉर्न किंवा स्मूथ सुमॅकच्या पर्णिकांची कड करवतीसारखी दातेरी असते. विंग्ड सुमॅकची कड सपाट असली तरी दोन पर्णिकांच्या मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी पातळ हिरवी झालर असते. अशी झालर पॉयझन सुमॅकला नसते.

खरी नजर हवी ती फ्रॅग्रंट सुमॅक आणि पॉयझन आयव्ही यांच्यात. दोघांचंही पान तीन पर्णिकांचं, त्यामुळे नवख्याची फसगत होते. वाकून मधली पर्णिका बघा. पॉयझन आयव्हीत तिला चांगला लांब देठ असतो आणि ती बाजूच्या दोघींपासून पुढे निघालेली दिसते. फ्रॅग्रंट सुमॅकमध्ये तिघी जवळजवळ एकाच बिंदूतून फुटतात, मधलीला देठ असा नसतोच. शिवाय आयव्ही झाडांवर चढते आणि जुन्या वेलीला तपकिरी केसाळ मुळं फुटलेली असतात. फ्रॅग्रंट सुमॅकचं पान चुरगाळलं की लिंबाच्या सालीसारखा उग्र वास येतो, पण ही परीक्षा सगळ्यात शेवटची. देठाची खात्री झाल्याशिवाय कुठलंही तीन पर्णिकांचं पान चुरगाळायचं नाही. आणि उतार साफ करताना आयव्ही निघालीच, तर ती जाळू नका. तिच्या धुरातूनही हे द्रव्य फुप्फुसात जातं आणि ते दुखणं कातडीच्या फोडांपेक्षा कितीतरी वाईट.

आणखी एक तोतया आहे, ट्री ऑफ हेवन. मूळ चीनचं हे झाड आपल्या महारुखाचं सख्खं नातलग आहे आणि लांबून थेट स्टॅगहॉर्न सुमॅकसारखं दिसतं. पर्णिकेची कड सपाट, फक्त बुडाशी एखाद-दुसरा बोथट दात, आणि पान चोळलं की खवट शेंगदाण्यासारखा वास. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा सापडलेल्या आणि आता न्यू जर्सीकरांच्या नाकी नऊ आणणाऱ्या स्पॉटेड लँटर्नफ्लाय या किडीचं हे आवडतं झाड. सुमॅक समजून याला पाणी घालत बसू नका.

कुठला सुमॅक निवडावा

घराच्या अंगणासाठी माझी पहिली पसंती फ्रॅग्रंट सुमॅकला. कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्सास-फ्लोरिडापर्यंत तो मूळचा आहे आणि यूएसडीएच्या, म्हणजे कृषी खात्याच्या, थंडीच्या नकाशावरच्या झोन ३ ते ९ मध्ये निभावतो. उंची दोन ते सहा फूट, क्वचित थोडी जास्त. पसारा मात्र उंचीपेक्षा मोठा. गुढीपाडव्याच्या आसपास, अजून पान फुटलेलं नसताना, उघड्या फांद्यांवर बारीक पिवळे तुरे येतात. ते बघायला कुणी गाडी थांबवणार नाही, पण थंडीतून नुकत्या बाहेर पडलेल्या मधमाश्यांना तेव्हा दुसरं फारसं काही मिळत नसतं. पुढे उन्हाळाभर गर्द हिरवी, किंचित तकाकी असलेली पानं आणि ऑक्टोबरात नारिंगी, तांबडा, जांभळट असे सगळे रंग एकाच झुडपावर.

याचीच ‘ग्रो-लो’ नावाची बुटकी जात नर्सरीत सहज मिळते. ती दोन फुटांच्या वर जात नाही आणि सहा ते आठ फूट पसरते. शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमधल्या मातीच्या बेटांवर, तापलेल्या डांबराच्या मधोमध, लँडस्केपवाले हीच जात लावतात. तिथे टिकते म्हटल्यावर तुमच्या उताराचं काही विशेष नाही. खिडक्यांच्या खाली, ड्राइव्हवेच्या कडेला, मेलबॉक्सभोवतीही ती शोभते.

स्टॅगहॉर्न सुमॅकचं प्रकरण वेगळं. हा पंधरा ते पंचवीस फूट जातो. फांद्यांवर हरणाच्या कोवळ्या शिंगांसारखी मखमल असते, म्हणून हे नाव. दिसायला देखणा, फॉलमध्ये तर दृष्ट लागण्यासारखा. पण मुळांवरून फुटवे काढत तो रान करतो आणि मूळ खोडापासून दहा-दहा फुटांवर डोकं वर काढतो. अर्धा एकर मोकळी जागा असेल, मागे रान असेल, तर जरूर लावा. टाउनहाउसच्या वीस फुटी पट्ट्यात लावलात तर तुमचं आणि शेजाऱ्याचं वाजणार. सेप्टिक टँकच्या नळ्यांजवळही तो नको. सोनेरी पानांची ‘टायगर आइज’ ही त्याचीच जात मिनेसोटाच्या बेली नर्सरीजने आणली. ती सहा फुटांच्या आसपास राहते आणि फुटवे कमी काढते. कमी म्हणजे अजिबात नाही, असं मात्र नव्हे.

स्मूथ सुमॅक अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांत आढळतो आणि स्वभावाने स्टॅगहॉर्नचाच भाऊ आहे. विंग्ड सुमॅकची पानं सगळ्यांत तुकतुकीत. मला तो फार आवडतो, पण नर्सरीत शोधावा लागतो.

कॅलिफोर्नियाकरांनी ही यादी बाजूला ठेवावी. सॅन डिएगो, लॉस एंजेलिसच्या किनारपट्टीला लेमोनेड बेरी आणि जरा आतल्या, कोरड्या भागाला शुगर बुश या दोन सदाहरित जाती तिथल्या मूळच्या. बे एरियात तीन पर्णिकांचा स्कंकबुश. तिकडे लागवड वसंतात करायची नाही. नोव्हेंबरात पाऊस सुरू झाला की करायची, म्हणजे हिवाळाभर मुळं उतरतात आणि पहिला कोरडा उन्हाळा झेपतो.

आपल्या भागात कुठली जात मूळची आहे हे ऑस्टिनच्या लेडी बर्ड जॉन्सन वाइल्डफ्लॉवर सेंटरच्या माहितीसाठ्यात राज्यवार बघता येतं. त्याहून सोपा मार्ग म्हणजे राज्य विद्यापीठाचा कोऑपरेटिव्ह एक्स्टेन्शन विभाग. न्यू जर्सीत रटगर्सचा, पेनसिल्व्हेनियात पेन स्टेटचा. आपल्याकडच्या कृषी विस्ताराचाच हा इथला अवतार. थोड्या पैशांत माती तपासून देतात आणि मास्टर गार्डनर मंडळी प्रश्नांची उत्तरं फुकट देतात. आपले लोक तिकडे का फिरकत नाहीत, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

रोपं घेताना एक लक्षात ठेवा. सुमॅकमध्ये नर आणि मादी फुलं बहुतेक वेगवेगळ्या झुडपांवर येतात. लाल फळं हवी असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नर्सरीत जा आणि फळं धरलेली रोपं निवडा. बियांपासून रोपं करायच्या फंदात पडू नका. बीचं कवच इतकं टणक असतं की ते आधी मऊ करावं लागतं आणि मग महिना-दोन महिने थंडीत ठेवावं लागतं. ओळखीच्या कुणाकडे सुमॅक असेल तर मुळासकट एखादा फुटवा मागून आणणं केव्हाही सोपं.

लागवड

मध्य-पश्चिम आणि पूर्वेकडच्या राज्यांत लागवडीला उत्तम काळ दसऱ्याच्या सुमाराचा. हवा थंडावलेली, माती अजून ऊबदार. एप्रिल-मेही चालतो, मग उन्हाळ्यात पाण्याकडे जास्त लक्ष हवं. खणण्याआधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, केबल कुठून गेली आहे त्याच्या खुणा ते फुकट करून देतात. हा फोन टाळू नका, केबल कधीकधी फार वर असते.

गवत आधी मारावं लागतं. विषारी फवारे नकोत. खोक्यांचा पुठ्ठा टेप काढून गवतावर अंथरा, ओला करा आणि वर मल्च टाका. उतारावर लाकडाचे सुटे तुकडे पहिल्याच पावसात खाली येतात, म्हणून तंतूतंतू झालेला, एकमेकांत अडकणारा श्रेडेड मल्च घ्या. उतार फार तीव्र असेल तर काथ्याची जाळी अंथरून खुंट्या ठोका. ती काही वर्षांत कुजून जाते, तोवर मुळांनी माती धरलेली असते.

ग्रो-लोसाठी दोन रोपांत पाच फूट अंतर ठेवा. वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद उताराला आठ-नऊ रोपं पुरतात. ओळी समोरासमोर न धरता एकाआड एक लावा, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही. सुरुवातीला फार विरळ वाटेल आणि अंतर कमी करण्याचा मोह होईल. करू नका, तीन-चार वर्षांत ती एकमेकांना भिडतात.

खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली कुंडीएवढीच. रोप बाहेर काढल्यावर मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली दिसली तर सुरीने तीन-चार ठिकाणी उभा छेद द्या आणि हाताने मोकळी करा. खोड जिथे रुंद होऊन मुळं सुटतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. खड्ड्यात विकतची भारी माती भरू नका. त्या मऊ मातीत मुळं रमतात आणि बाहेरच्या चिकणीत शिरतच नाहीत. शिवाय पावसाचं पाणी खड्ड्यात हौदासारखं साचतं. निघालेली मातीच परत घाला. खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला, गावाकडे डोंगरउतारावरच्या झाडांना घालतात तसाच. वरून येणारं पाणी तिथे अडतं आणि मुरतं. मल्च दोन-तीन इंच, आणि खोडापासून चार बोटं लांब. खोडाभोवती मल्चचा डोंगर रचण्याची जी पद्धत इथे सगळीकडे दिसते, ती झाड कुजवण्याची पद्धत आहे.

पहिला उन्हाळाभर आठवड्यातून एकदा, मुळापर्यंत पोचेल असं पाणी. रोज थोडं थोडं शिंपडणं वाईट. दुसऱ्या वर्षी फक्त लांबलेल्या कोरड्या काळात. तिसऱ्या वर्षी पाइप गुंडाळून ठेवा. खत मुळीच घालू नका. खताने लुसलुशीत फांद्या सुटतात, त्यांवर मावा येतो आणि फुटव्यांना जोर चढतो. पहिल्या दोन हिवाळ्यांत सशांपासून जपा. बर्फात दुसरं काही मिळालं नाही की ते साल कुरतडतात. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गोल करून भोवती लावली की भागतं. हरणांचा सुळसुळाट असेल तर जाळी जरा उंच.

पुढची देखभाल म्हणजे मुख्यतः फुटव्यांवर नजर. कडेच्या लॉनमध्ये आलेले फुटवे नेहमीच्या मोइंगमध्ये आपोआप छाटले जातात. वाफ्याच्या बाजूला असतील तर खुरप्याने मुळापासून काढा. स्टॅगहॉर्नचं मोठं खोड मात्र रागाच्या भरात तोडू नका. जमिनीखालची मुळं जिवंत असतात आणि पुढच्या मोसमात एकाच्या जागी वीस कोंब उभे राहतात. टिलर फिरवणं त्याहून वाईट, मुळाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटू शकतो. फ्रॅग्रंट सुमॅक पाच-सात वर्षांनी मध्ये विरळ, काटकुळा दिसायला लागला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून वीतभर ठेवून छाटून टाका. त्या वर्षीची फुलं जातात, पण झुडूप पुन्हा भरून येतं. किरकोळ छाटणी फुलं संपल्यावर.

स्टॅगहॉर्न किंवा स्मूथ सुमॅकच्या पानाखाली उन्हाळ्यात लालसर, फुगीर, पोकळ पिशव्या लटकलेल्या दिसतील. फोन काढून फोटो पाठवायच्या आधी एक पिशवी फोडून बघा. आत पिठासारखे बारीक किडे हलताना दिसतात. हा मावाच, पण सुमॅकवर गाठी करणारा. झाडाचं काही बिघडत नाही, फवारणी नको.

फॉलमधली पानं लीफब्लोअरने उडवून पिशव्यांत भरू नका, झुडपाखालीच राहू द्या. पूर्व आणि आग्नेय राज्यांत रेड-बँडेड हेअरस्ट्रीक नावाचं चिमुकलं फुलपाखरू सुमॅकच्या गळून पडलेल्या पानांवर अंडी घालतं आणि अळ्या तिथेच वाढतात. वाळलेल्या जाड फांद्याही दीड-दोन फूट ठेवून छाटा. आतला मऊ गाभा पोखरून छोट्या सुतारमाश्या घर करतात.

एचओएचं काय

एचओए म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना. तिचे नियम आधी वाचा आणि समोरच्या अंगणात काही करण्यापूर्वी समितीकडे लेखी अर्ज द्या. ‘नेटिव्ह गार्डन’ म्हटलं की समितीच्या डोळ्यांसमोर कंबरभर वाढलेलं गवत येतं. त्याऐवजी उताराची धूप थांबवायची आहे असं लिहा, सोबत ग्रो-लोचा फोटो आणि आखणी जोडा. कडेला दगडांची किंवा विटांची स्वच्छ रेघ ठेवली की निम्मी भांडणं होतच नाहीत. काही राज्यांत कायदाही मदतीला आहे. मेरीलँडने २०२१ साली कायदा करून अशा कमी पाण्याच्या, देशी झाडांच्या बागांना एचओएने अवाजवी आडकाठी करण्यास मनाई केली. पण समितीशी बोलताना पहिल्याच वाक्यात कायदा काढू नये, एवढं शहाणपण सोसायटीत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

लाल घोसांचं सरबत

स्टॅगहॉर्न किंवा स्मूथ सुमॅकची जागा असणाऱ्यांसाठी हे बक्षीस. गणपतीच्या सुमाराला घोस गडद लाल होतात. आंबटपणा फळांवरच्या लवेत असतो आणि तो जोराच्या पावसाने धुऊन जातो, म्हणून दोन-तीन दिवस कोरडे गेल्यावर तोडा. बोट फिरवून चाटून बघा, चांगलं आंबट लागलं तर तयार. घोस मोडून आत अळ्यांचा कचरा नाही ना, ते बघा. सहा-सात घोस दोन लिटर गार पाण्यात हाताने कुस्करून तीन-चार तास ठेवा. पाणी गरम घेऊ नका, कडू-तुरट उतरतं. मग स्वच्छ मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळा, म्हणजे बारीक लव घशात टोचत नाही. गुलाबी रंग आणि कोकमापेक्षा जरा लिंबाकडे झुकणारी चव. साखर, चिमूटभर सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की पाहुण्यांना ओळखता येत नाही. इथले मूळ रहिवासी हे पेय कितीतरी आधीपासून पीत आले आहेत. इराणी रेस्टॉरंटमध्ये कबाबावर भुरभुरतात ती लाल पूड सुमॅकचीच, पण भूमध्य समुद्राकडच्या वेगळ्या जातीची.

ज्यांना काजू, पिस्ता किंवा आंब्याची अॅलर्जी आहे त्यांनी हे सरबत पिऊ नये, मुलांना देण्याआधी त्यांच्या आई-वडिलांना विचारावं. हायवेच्या कडेचे घोस धुराने माखलेले असतात, फवारलेलेही असू शकतात, ते नकोत.

आणि हौसेने सुमॅकच्या बिया बॅगेत घालून पुण्या-नाशिकला नेऊ नका. परवानगीशिवाय बी नेणं कायद्यात बसत नाहीच, शिवाय फुटव्यांनी पसरणाऱ्या स्टॅगहॉर्नने युरोपात काही देशांत उच्छाद मांडला आहे. तिकडच्या उताराला करवंद आणि धायटी आहेत. दोन्ही सह्याद्रीच्या मातीतल्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला वनखात्याच्या रोपवाटिकेत चौकशी करा.